गहुलीच्या पानावरचा तुमचा नंबर

तीर्थस्वरूप वन्सना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. (धाकटी मानाने. वयाने मी तुमच्याहून सहा महिन्यांनी मोठी निघते हे आपण दोघींनी इतकी वर्षं कोणाला कळू दिलेलं नाही, तेव्हा ते पत्रातही नको.) तुमची तब्येत बरी असेल. गुडघ्याची चौकशी करणार होते, पण त्याची खबर मला वेगळ्या वाटेने मिळत असते, तिच्याबद्दल मागाहून लिहीन. इकडे सगळं ठीक आहे. तुमचे बंधू वेळेवर जेवतात, वेळेवर घोरतात आणि घोडे घासायचा खरारा सापडत नाही म्हणून रोज सकाळी तबेला डोक्यावर घेतात (खरारा त्यांच्या मागच्या खिशात असतो, घोड्यांनासुद्धा हे ठाऊक झालंय). हेडमास्तर घोडा अलीकडे दाराची कडी दातांनी उघडायला शिकला आहे आणि आपण उघडून इतरांचीही उघडून देतो. बुटका तट्टू नेहमीसारखाच, म्हणजे पोट आणि त्याच्याखाली चार पाय. गहुली बरी आहे. तिचं नाव मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण पाकीट फोडल्यावर तुम्ही आधी तेवढंच शोधणार.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच तो. माझा नंबर त्या वेबसाइटवरून ताबडतोब काढ, काल एकाने मला दात किती शिल्लक आहेत असं विचारलं, परवा एकाने वजन विचारलं, आणि एक जण तर दर गुरुवारी दुपारी फोन करतो आणि खोकतो. झालं. खाली सही. आशीर्वाद नाही, भावाचं नाव नाही. दातांच्या प्रश्नावर तुम्ही काय उत्तर दिलंत ते कळवलं नाहीत. माझा अंदाज असा की तुम्ही स्वतःचेच मोजून सांगितलेत, कारण तो माणूस इकडे फिरकलेला नाही.

तुमचा राग रास्त आहे, मी तुमच्या जागी असते तर फोनच विहिरीत टाकला असता. पण नंबर काढणं वाटतं तितकं सोपं नाही. का नाही, हे समजायला ती वेबसाइट कशी जन्माला आली ते तुम्हाला सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर तुम्ही गेलात तिथून सुरुवात करावी लागेल. त्या दिवसाची उजळणी करण्यात मला गोडी नाही, पण तुम्ही दोघंही ती आपापल्या सोयीने सांगता, तेव्हा एकदा माझ्या तोंडून होऊन जाऊ दे. यांनी भर जेवणात गहुली विकायची म्हणून सांगितलं. म्हातारी झाली, पाठीवर पोर बसू देत नाही, आणि दाणा मात्र तरण्या घोड्याचा खाते, असं म्हणाले. तुम्ही ताटावरून उठलात. आई मेलेल्या शिंगराला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय, तिला विकलंस तर या घरात पाऊल टाकणार नाही, असं म्हणालात. त्यावर यांनी, घोडी कोणाच्या नावावर आहे, असं विचारलं. (हे वाक्य तोंडातून सुटलं तेव्हाच त्यांना ते गिळावंसं वाटलं होतं. पण तोंडात भाकरीचा घास आधीच होता.) तुम्ही नवा दुरुस्त केलेला गुडघा आणि जुनी बॅग घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारतीत, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायला निघून गेलात. दोघं एकाच आईची लेकरं, तेव्हापासून दोघंही मूग गिळून बसला आहात. मधल्यामध्ये निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सगळी नोकरी टपाल कचेरीच्या खिडकीत गेली, निवृत्तीनंतरही तेच नशिबी आलं.

तर तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत दाणेवाल्याने यांच्या डोक्यात भरवलं की हल्ली लोक आधी फोनमध्ये बघतात आणि मग घराबाहेर पडतात. फोनमध्ये नसलेला तबेला म्हणजे नसलेलाच तबेला. यांनी घरी येऊन जाहीर केलं की आपण वेबसाइट काढतोय. आपण म्हणजे मी. मी चष्मा लावते म्हणजे मला सगळं येतं अशी यांची समजूत आहे, आणि ती मी कधी दूर केली नाही हे खरं. वेबसाइटवर पोरांच्या शिकवणीची माहिती द्यायची, दुसऱ्यांचे घोडे सांभाळतो ते सांगायचं, आणि सगळ्यात आधी गहुली विक्रीला आहे असं लिहायचं. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

वेबसाइट कोण करतं, तर कोपऱ्यावरचा फोटोवाला. त्याचं दुकान तुम्हाला आठवत असेल, काचेच्या कपाटात हसणारी जोडपी आणि आत खुंटीला टांगलेला तो एकच काळा कोट, जो गावातल्या प्रत्येक पासपोर्टावर आहे. लग्नाचे फोटो काढता काढता तो आता लग्नांच्या वेबसाइटीही करून देतो. त्याच्याकडे त्याचा तयार साचा आहे, नावं आणि फोटो बदलले की झालं. घोड्यांसाठी नवीन साचा करायचा तर फार दिवस लागतील काकू, त्यापेक्षा यातच बसवू, कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं तो म्हणाला. मी मान डोलावली. मला काय माहीत साचा म्हणजे काय असतो ते.

फोटो काढायला तो छत्री, दिवे आणि मखमली कापड घेऊन आला. घोड्याचा फोटो बरा यायचा तर त्याचे कान पुढे झाले पाहिजेत, आणि कान पुढे व्हायचे तर कोणीतरी फोटोवाल्याच्या मागे उभं राहून दाण्याचा डबा वाजवला पाहिजे. ते काम यांनी घेतलं. डबा वाजला की कान पुढे होत, हे खरं, पण पाठोपाठ सगळा घोडाही पुढे होई. पहिले सगळे फोटो नाकपुडीचे आले. बुटक्याने छत्रीची कड खाल्ली. हेडमास्तर छान उभा राहिला, पण फोटोवाला त्याला हनुवटी जरा खाली, जरा डावीकडे, आता एकमेकांकडे बघा, असं सांगत राहिला (एकमेकांकडे म्हणजे कोणाकडे, हे घोड्यालाही पडलेलं कोडं होतं). शेवटी गहुलीची पाळी आली. काकू, यांना जरा हसायला सांगा, असं तो म्हणाला, आणि त्याच क्षणी तिने तोंड उघडून घसघशीत जांभई दिली. तोच फोटो तिच्या पानावर लागला आहे. दात मोजण्याइतका स्वच्छ आलाय, म्हणून लोक मोजतात.

वेबसाइट तयार झाली तेव्हा आम्ही दोघं दुकानात जाऊन बघून आलो. आधी काळोख होतो, मग मंद संगीत सुरू होतं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. मग एक लाल हृदय फुलत जातं आणि त्यात गहुली आणि हेडमास्तर समोरासमोर. खाली लिहिलं होतं, दोन जिवांची एकच वाट. वन्स, आई आणि मुलगा ते. यांनी कपाळाला हात लावला. मी फोटोवाल्याला नातं समजावून सांगितलं, तो बिचारा लाजेने लाल झाला, पण हृदय काही त्या साच्यातून निघेना. म्हणून आता त्यात तुमचे बंधू आणि खताची हातगाडी यांचा फोटो आहे. ओळ तीच ठेवली आहे, कारण ती त्यांना लागू पडते.

पानाच्या डोक्यावर एक उलटं चालणारं घड्याळही होतं, शुभ घडीला उरलेला वेळ दाखवणारं. मला वाटलं शोभेचं असेल. फोटोवाल्याने त्याच सुमाराला एका खऱ्या लग्नाची वेबसाइट केली होती आणि त्यांच्या काही पाहुण्यांना चुकून आपला पत्ता गेला. घड्याळ शून्यावर आलं त्या सकाळी फाटकाशी एक कुटुंब उभं, आई वडील आणि मुलगी, नवे कपडे, हातात कागदात गुंडाळलेली भेट. मी मागे कपडे वाळत घालत होते. यांना वाटलं शिकवणीचं गिऱ्हाईक, हल्ली लोक नटूनच येत असतील. यांनी भेट घेतली, आभार मानले, आणि त्या मंडळींना अख्खा तबेला फिरवून दाखवला. ते गृहस्थही सभ्य, वधूवर कुठे आहेत असं विचारणं त्यांना बरं दिसेना. बुटक्यापाशी आल्यावर त्यांच्या पत्नीने हळूच विचारलं, तेव्हा उलगडा झाला. भेट परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही. भिंतीवरचं घड्याळ आहे, तबेल्यात लावलंय, आणि ती मुलगी दर रविवारी शिकायला येते. वेबसाइटवरून आलेलं आमचं पहिलं गिऱ्हाईक तेच.

लोकांना अभिप्राय लिहायला जी जागा आहे तिचं नाव साच्यात आशीर्वाद असं आहे. त्यामुळे हेडमास्तरच्या फोटोखाली कोणीतरी नांदा सौख्यभरे असं लिहून ठेवलंय. जनावरांच्या डॉक्टरांनी तिथेच आपल्या मागच्या भेटीचा निरोप लिहिला, बुटक्याचा दाणा कमी करा म्हणून, आणि आमच्या नालबंदाने, पुढच्या खेपेला चहा जरा गरम असावा असं लिहिलं. मी दर आठवड्याला बसून हे सगळं वाचते, वाईट असेल ते काढते. सांभाळ म्हणतात तो यालाच. वेबसाइटलाही रोज खरारा करावा लागतो, हे दाणेवाल्याने सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या नंबराकडे येते. साच्यात संपर्कासाठी दोन रकाने होते, एक मुलाकडचा संपर्क आणि एक मुलीकडचा संपर्क. पहिल्यात मी यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला त्यांचा नंबर घातला. दुसरा भरल्याशिवाय पुढचं बटण दाबलं जाईना. टपालखात्यातली बाई मी, रिकामा रकाना दिसला की माझे हात शिवशिवतात. माझा फोन घरी चार्जिंगला लावलेला, फोटोवाला घाई करत होता, मी डोळे मिटून पाठ असलेला नंबर सांगून टाकला. मला पाठ असलेला नंबर जगात एकच आहे, वन्स, आणि तो माझ्या नवऱ्याचा नाही, माझाही नाही. मग त्या शहाण्या साच्याने काय केलं, तर सगळ्या नरांच्या पानावर यांचा नंबर छापला आणि माद्यांच्या पानावर तुमचा. आपल्याकडे मादी एकच. तेव्हा गहुलीच्या जांभईखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं आहे, मुलीकडचा संपर्क, आणि पुढे तुम्ही.

तिची माहिती मात्र मी मन लावून लिहिली. यांनी सांगितलं होतं, शांत, कामसू, सुस्वभावी असं लिही. मला खोटं लिहवेना. तंगाचा पट्टा आवळायला गेलं की पोट फुगवते आणि चार पावलांवर स्वाराला खोगिरासकट खाली ठेवते, हे लिहिलं. ओल्या जमिनीवर पाय टाकत नाही, छत्रीला भिते, तेल लावलेलं डोकं दिसलं की चाटते, दुपारी जेवणानंतर कोणी बोललेलं खपवून घेत नाही, हेही लिहिलं. (स्वभाव थेट आमच्या वन्ससारखा, असं एक वाक्य होतं. ते मी खोडलं.) आणि शेवटी लिहिलं की गेले काही दिवस ती दाणा संपला की फाटकाकडे तोंड करून उभी राहते आणि हाक मारली तरी वळत नाही. हे विक्रीच्या जाहिरातीत कशाला, असं फोटोवाल्याने विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला सगळं कळायला हवं.

परिणाम असा झाला की सगळ्यात जास्त लोक गहुलीचंच पान वाचतात, आणि वाचून तुम्हाला फोन करतात. तुम्ही त्यांना काय सांगता देव जाणे, पण फोन केलेला एकही माणूस घोडी बघायला फाटकापर्यंत आलेला नाही.

नंबर काढायचं म्हणाल, तर मी फोटोवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणतो की मुलीकडचा रकाना रिकामा झाला तर सगळा साचाच कोसळेल. घोडे नाहीसे होतील आणि नुसत्या पाकळ्या पडत राहतील. दुसऱ्या कोणाचा नंबर घालायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते अशी त्या साच्यात अट आहे. मुलाकडचा पक्ष म्हणजे तुमचे बंधू. त्यांना विचारलं, तर म्हणाले, असू दे. गहुली अजून का विकली गेली नाही, असंही त्यांनी विचारलेलं नाही. तेव्हा माझा नाइलाज आहे. तुम्हाला होणाऱ्या त्रासाबद्दल हात जोडून क्षमा मागते आणि कोणी वजन विचारलं तर खुशाल फोन ठेवून द्या असं सुचवते. जेवणखाण वेळेवर करा, जिन्यावर दिवा लावून ठेवत जा, आणि या खेपेला उत्तरात हुकमासोबत आशीर्वादही धाडा.

तुमची,
मानाने धाकटी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी मनाला लागून राहिलं म्हणून लिहिते. वरचा शेवटचा परिच्छेद निम्मा खोटा आहे. साचा वगैरे काही कोसळत नाही, संमतीची अटही मीच रचली. नंबर बदलायला बटाटा सोलण्याइतकाही वेळ लागत नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुमचा काढून माझा घातला होता. गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर माझा फोन वाजला, मी हॅलो म्हटलं, पलीकडून कोणीतरी एकदाच खोकलं आणि घाईघाईने फोन ठेवून दिला. तो खोकला मी ओळखते. त्याच संध्याकाळी मी तुमचा नंबर परत टाकला.

ता. क. दुसरं. गुरुवारी आमच्याकडे नालबंद येतो. तो कामाला बसला की त्याचा फोन पेंढ्याच्या खोलीतल्या खुंटीला, त्याच्या पिशवीत असतो. तुमचा नंबर परत टाकल्यानंतरच्या गुरुवारी मी मापटं आणायला तिकडे गेले तर तुमचे बंधू आत, दाराकडे पाठ, तोंडावर टॉवेल धरून नालबंदाच्या फोनवर बोलत होते. खोकून म्हणाले, जाहिरात वाचली, घोडीचा गुडघा आता कसा आहे. वन्स, गहुलीला जन्मात गुडघ्याचा त्रास झालेला नाही. मला वाटलं तुम्ही आता त्यांना चांगलंच फैलावर घेणार. पण ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, जिना चढताना अजून दुखतो म्हणता, मग दिवसातून एकदाच चढू द्या तिला. मग म्हणाले, शेकायला कोण आहे. शेवटी विचारलं, घोडी विकणार का. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण हे म्हणाले, बरं, नाही तर नाही, आणि टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. स्वतःचीच घोडी विकत मागून नकार घेऊन आलेला मालक मी पहिल्यांदाच बघितला, आणि इतका खूश मालकही पहिल्यांदाच. दाणा मोजताना त्यांनी गहुलीला एक मापटं जास्त घातलं. मी मापटं न्यायला आले होते, ते न घेताच परत गेले.

ता. क. शेवटचं. तुम्ही त्यांना ओळखलं नाही असं मला सांगू नका. इतक्या तक्रारी लिहिल्यात, दात, वजन, सगळं, पण त्या खोकणाऱ्याला आवर असं काही लिहिलं नाहीत. त्याला तुम्ही दर गुरुवारी उत्तर देता, तेही सविस्तर. तो कधी विचारणार नाही, पेंढ्याच्या खोलीतून बाहेर येऊन तर नाहीच नाही, म्हणून मी विचारते. घोडी जिना चढत नाही, वन्स. आपल्या घराला जिनाच नाही. मधली खोली झाडून ठेवली आहे.